सांभाळणाऱ्यांचं नाव कुठल्या वहीत आहे?

जिल्हा परिषदांचे अध्यक्ष, महिला व बालकल्याण समित्यांचे सभापती, पंचायत समित्यांचे सभापती आणि गावोगावचे सरपंच यांना खुलं पत्र

स.न.वि.वि.

मार्चच्या सभेपुढे तुमचं अंदाजपत्रक येतं. महिला व बालकल्याणाच्या तरतुदीखाली बहुतेक जिल्ह्यांत दरवर्षी तीच यादी असते: शिलाई मशीन, पिठाची गिरणी, मिरची कांडप यंत्र, मुलींना सायकली. या वस्तूंना आमचा विरोध नाही. ज्या घरात त्या पोचतात तिथे त्यांचा उपयोग होतो. पण लेक आणि जावई दोघंही गेल्यावर नातवंडं वाढवणारी आजी, अर्धांगवायूने पडलेल्या नवऱ्याचं सगळं अंथरुणातच करणारी बायको, तिशीतल्या बौद्धिक दिव्यांग मुलाला अजून हाताने भरवणारी आई, यांच्यासाठी त्या यादीत एक ओळही नसते. ती ओळ यंदा यावी म्हणून हे पत्र आहे.

लिहिणारे आम्ही बालसंगोपनाचे, निराधारचे आणि दिव्यांग प्रमाणपत्राचे अर्ज भरून देणारे लोक आहोत. आमच्यातल्या काहींच्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे. कुठल्या एका गावावर किंवा अधिकाऱ्यावर आमचा रोख नाही. जे अडतं ते जवळपास सगळीकडे सारख्याच ठिकाणी अडतं, म्हणून हे पत्र सगळ्यांना मिळून लिहिलं आहे.

हा विषय काढला की एक उत्तर हमखास मिळतं: “या योजना राज्याच्या आणि केंद्राच्या, आमच्या हातात काय आहे?” ते अर्धंच खरं आहे. पैसे वरून येतात, पण अर्जाला लागणारा जवळजवळ प्रत्येक कागद ग्रामपंचायतीच्या किंवा तालुक्याच्या टेबलावरून निघतो. शिवाय ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के भाग महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचा आहे. जिल्हा परिषदेच्या सेसमध्येही, म्हणजे तिच्या स्वतःच्या उत्पन्नातही, तसेच १० आणि ५ टक्के आहेत. हा पैसा कशावर खर्चायचा हे ठरवायला तुम्हाला बराच वाव आहे.

पहिली तक्रार नोंदीची. ग्रामपंचायतीत नमुना १ ते ३३ अशा नोंदवह्या ठेवतात. नमुना ८ मध्ये प्रत्येक घराचं क्षेत्रफळ आणि कर लिहिलेला असतो. मात्र गावात किती मुलं आईबापांविना नातेवाइकांकडे राहतात, किती माणसं दुसऱ्याच्या मदतीशिवाय उठू शकत नाहीत आणि ती मदत रोज कोण करतं, हे लिहायला वहीच नाही. माहिती मात्र गावात आहे. आशाताई तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा सी-बॅक फॉर्म, म्हणजे आरोग्याच्या प्रश्नांचा तक्ता, भरतात. त्यात साठी ओलांडलेल्यांसाठी थेट प्रश्न आहेत: रोजच्या कामांना दुसऱ्याची मदत लागते का, जवळच्या माणसांची नावं किंवा घराचा पत्ता विसरायला होतं का. “हो” असं उत्तर आलेल्या प्रत्येक घरात मदत करणारं कुणीतरी असतंच. फॉर्म आरोग्य खात्याच्या संगणकात जातो, आणि त्या मदत करणाऱ्या माणसाचं नाव कुठेच येत नाही.

हे काम किती आहे याचा अंदाज केंद्र सरकारनेच घेतला आहे. २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत, घरच्या माणसांची देखभाल करणाऱ्या बाईचे दिवसाचे सरासरी १३७ मिनिटं त्यात जातात आणि पुरुषाचे ७५. स्वयंपाक, झाडलोट, पाणी भरणं यातलं काही त्या १३७ मिनिटांत धरलेलं नाही. ही सरासरी धडधाकट मुलाचा अभ्यास घेणाऱ्या घरांना धरून आहे. अंथरुणावरचं माणूस असलेल्या घराचा हिशेब वेगळाच असतो.

दुसरी तक्रार कागदांची, आणि इथे आम्ही जरा सविस्तर लिहितो, कारण मुलांची वर्षं इथेच वाया जातात.

क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत दर मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळतात. २०२३ मध्ये ती रक्कम १,१०० वरून इतकी झाली. आई किंवा वडील नसलेलं, दोघंही नसलेलं, पालक दुर्धर आजारी किंवा तुरुंगात असलेलं अशा मुलांना अठरा वर्षांपर्यंत ती लागू आहे. अर्जाला लागतात: मुलाचं आणि सांभाळणाऱ्याचं आधार, जन्मदाखला किंवा शाळेचं बोनाफाईड, गेलेल्या पालकाचा मृत्यूदाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड, रहिवासी दाखला, बँक पासबुक आणि घरासमोर मुलासोबत काढलेला पोस्टकार्ड आकाराचा फोटो. मग गृहचौकशी होते, बाल कल्याण समितीपुढे (ही जिल्हा परिषदेची समिती नव्हे, बाल न्याय कायद्याखालची वेगळी समिती) मुलाला आणि पालकाला नेऊन आदेश घ्यावा लागतो, आणि पुढे नूतनीकरण.

आता हे कुठे अडतं ते पाहा.

मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत करायची असते. घरी झालेला मृत्यू दुःखाच्या गडबडीत राहून जातो. तीस दिवस उलटले की वरिष्ठांची लेखी परवानगी लागते. वर्ष उलटलं की उपविभागीय किंवा कार्यकारी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. मृत्यू शहरातल्या रुग्णालयात झाला असेल तर नोंद त्या शहराच्या महापालिकेत होते, गावच्या वहीत ती दिसतच नाही. मग सत्तरीतल्या आजोबांनी दाखल्यासाठी शंभर किलोमीटर जायचं. दाखल्यावर नाव “रामदास”, आधारवर “रामा”, शाळेच्या रजिस्टरला तिसरंच. दुरुस्तीसाठी पुन्हा तोच प्रवास.

त्याहून अवघड प्रसंग म्हणजे बाप वारला, आईने दुसरं लग्न केलं आणि मुलं आजीकडे राहिली. कागदावर आई हयात आहे, म्हणून तिचं आधार, तिची सही मागितली जाते. ती कधी येत नाही, कधी तिला येऊ दिलं जात नाही. यावर उपाय तुमच्या गावातच आहे. ग्राम बाल संरक्षण समिती २०१४ पासून शासन निर्णयाने स्थापन केलेली आहे, सरपंच तिचे अध्यक्ष आणि अंगणवाडी सेविका सदस्य-सचिव. मूल कधीपासून आणि कुणाकडे राहतं याचा पंचनामा करून, पोलीस पाटील आणि शेजाऱ्यांच्या सह्या घेऊन, समितीने ठराव दिला तर बाल कल्याण समितीला निर्णय घेणं सोपं जातं. पण बऱ्याच गावांत ही समिती फक्त फाईलमध्ये आहे. तिच्या बैठकीचं शेवटचं इतिवृत्त कुठल्या वर्षाचं आहे ते प्रत्येक सरपंचांनी एकदा स्वतः उघडून पाहावं, एवढी विनंती.

बँकेतही तेच. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा १९५६ नुसार नैसर्गिक पालक बाप आणि त्याच्यानंतर आई. आजी त्यात येत नाही. म्हणून शाखेत सांगतात, कोर्टाचा पालकत्वाचा आदेश आणा. दहा वर्षांवरच्या मुलाचं खातं त्याच्या स्वतःच्या नावाने आणि सहीने उघडण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने बँकांना दिलेली आहे. दहाच्या आतल्यांसाठी बाल कल्याण समितीचा आदेश आधी हाती असला तर शाखेशी बोलणं सोपं होतं. हे मार्ग त्या आजीला कुणीतरी सांगायला हवेत. आधार सीडिंग, म्हणजे खात्याला आधार जोडणं, राहिलं किंवा पाचव्या आणि पंधराव्या वर्षीचं बोटांच्या ठशांचं अद्ययावतीकरण राहिलं की मंजूर झालेलं अनुदानही खात्यात येत नाही, आणि का येत नाही हे कुणी कळवत नाही.

घरपट्टीबद्दल वेगळं सांगतो. निराधार असल्याचा दाखला ही लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खालची सेवा आहे, तिला दिवसांची मुदत ठरलेली आहे. तरी “आधी थकबाकी भरा, मग दाखला” असं सांगितलं जातं. करवसुली तुमची जबाबदारी आहे हे आम्हाला मान्य. पण बाप गेलेल्या घराची पट्टी त्या मुलाच्या अर्जाच्या बदल्यात वसूल होऊ नये.

तिसरी तक्रार दोन कार्यालयांची. जिल्हा परिषदेत महिला व बालकल्याण विभाग आहे, अंगणवाड्या त्याच्याकडे. राज्य शासनाचं जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालय वेगळं, जिल्हा बाल संरक्षण कक्ष त्याच्या अखत्यारीत, आणि बालसंगोपन तिथून चालतं. संजय गांधी निराधार तहसीलमध्ये, दिव्यांगांच्या वस्तू समाजकल्याणमध्ये. नावं इतकी सारखी आहेत की बाई पहिल्या खेपेला चुकीच्या इमारतीतच जाते, आणि तिथे तिला “इथलं नाही” एवढंच ऐकायला मिळतं. कुठलं ते सांगणारी चिठ्ठीही कुणी देत नाही. त्या दिवसाची मजुरी बुडालेली असते आणि घरी आजारी माणूस शेजारणीच्या भरवशावर सोडलेलं असतं.

यातच आणखी एक गोष्ट दडलेली राहते. केंद्राच्या मिशन वात्सल्य या मुलांसाठीच्या कार्यक्रमातल्या प्रायोजकत्व योजनेत मुलाला महिन्याला ४,००० रुपये मिळू शकतात. उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात वर्षाला ७२,००० आणि इतरत्र ९६,०००. विधवा, परित्यक्ता आईची मुलं, नातेवाइकांकडे राहणारी अनाथ मुलं, पालक अपंगत्वाने कमवू शकत नाहीत अशी मुलं यात बसतात. एका मुलाला दोन्ही योजना एकत्र घेता येत नाहीत, पण कुठली घ्यायची हे ठरवायला आधी दोन्ही माहीत हव्यात. ४,००० ची योजना ऐकलेलं कुटुंब आम्हाला क्वचितच भेटतं.

नात्याबाहेरच्या कुटुंबाने मूल काही काळ सांभाळायचं, म्हणजे फोस्टर केअर, यालाही बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ४४ चा आधार आहे आणि त्याच मिशनमधून ४,००० रुपये आहेत. २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनी एकट्या व्यक्तीलाही हा मार्ग खुला केला, आणि मूल दोन वर्षं त्या घरात राहिल्यावर दत्तक घेण्याची वाट मोकळी केली. आधी ती मुदत पाच वर्षं होती. आपल्या ग्रामीण भागात अशी कुटुंबं फार थोडी पुढे येतात. गावाच्या सभेत हे एकदा तरी वाचून दाखवलं जावं.

नातेवाइकांनी वाढवलेल्या मुलांचं अठराव्या वर्षी काय होतं, हेही तुमच्या कानावर घालायचं आहे. बालगृहातून बाहेर पडणाऱ्या मुलांना एकविसाव्या वर्षापर्यंत पश्चात देखभालीची सोय आहे. आजीकडे वाढलेल्या मुलाला नाही. बारावीच्या परीक्षेच्या तोंडावर त्याचं बालसंगोपन बंद होतं. आणि सुरू असतानाही पैसे महिन्याच्या महिन्याला येत नाहीत, अनेकदा सहा-आठ महिन्यांनी एकदम येतात. तोवर वह्या, गणवेश, किराणा सगळं उधारीवर, आणि आलेली रक्कम थेट दुकानदाराच्या वहीत जाते.

ऊसतोडीच्या पट्ट्यात, बीडपासून अहिल्यानगर-धाराशिवपर्यंत, दिवाळीनंतर मुलं आजी-आजोबांजवळ ठेवून आईबाप कारखान्यावर जातात. तिथे हंगामी वसतिगृहांची सोय जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाकडे आहे, म्हणजे तुमच्याकडे. ती टोळ्या निघण्याआधी सुरू झाली तरच उपयोगाची. डिसेंबरात मंजुरी आली तर मुलं आधीच फडावर गेलेली असतात.

चौथी तक्रार अंथरुणावरच्या माणसांची आणि त्यांच्यामागे राबणाऱ्यांची.

पक्षाघात झालेल्या किंवा कमरेखाली संवेदना गेलेल्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, रात्रीही. नाहीतर माकडहाड, खुबे, टाचा इथे आधी लाल डाग, मग जखम, मग हाडापर्यंत खड्डा. एअर बेडने धोका कमी होतो, पण तो विजेच्या पंपावर चालतो. वीज गेली की कप्पे हळूहळू बसतात, म्हणून वळवणं थांबवता येत नाही. म्हणजे सांभाळणारी बाई सलग झोपत नाही, कित्येक वर्षं. तिला पाठीचं दुखणं लागतं, कारण साठ-सत्तर किलोचं शरीर एकटीने कसं वळवायचं, चादर सरकवून कसं ओढायचं, हे तिला कुणी शिकवलेलं नसतं. शिकवायला अर्धा तास पुरतो.

खर्च बघा. मोठ्यांचं डायपर साधारण ३० रुपयांना एक धरलं आणि दिवसाला तीन लागली तर महिन्याला २,७०० रुपये. संजय गांधी निराधार अनुदान १,५०० रुपये आहे, दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून २,५००. म्हणजे सगळं अनुदान डायपरवर घातलं तरी पुरत नाही, औषध आणि जेवण बाजूलाच. बऱ्याच घरांत म्हणून जुन्या साड्यांचे तुकडे वापरतात आणि ते धुवायला लागणारं पाणीही तीच बाई भरते. लघवीची साधी रबरी नळी दोन ते चार आठवड्यांनी बदलायची असते. गावात कुणी बदलून देत नाही म्हणून गाडी करून तालुक्याला न्यावं लागतं, आणि नळीपेक्षा गाडीचं भाडं जास्त होतं. पैसे नसले की जुनीच नळी राहते, मग जंतुसंसर्ग, ताप, आणि शेवटी रुग्णालय.

प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि उपकेंद्रं जिल्हा परिषदेची आहेत. उपकेंद्रांचं आयुष्मान आरोग्य मंदिर झालं तेव्हा तिथे द्यायच्या बारा सेवा ठरल्या, त्यात वृद्धांची सेवा आणि अंतिम आजारातल्या रुग्णांची परिहार सेवा, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणारी देखभाल, आहे. समुदाय आरोग्य अधिकारी नेमलेले आहेत. त्यांनी महिन्यातून एकदा अशा घरी जावं, जखम पाहावी, नळी बदलावी, सांभाळणाऱ्या माणसाचा रक्तदाब मोजावा. नवा कायदा, नवं पद यातलं काहीच यासाठी लागत नाही. भेटीचा कार्यक्रम आणि प्रवासभत्ता लागतो.

दिव्यांग प्रमाणपत्राचंही तसंच. अंथरुणातून न उठणाऱ्या माणसाने ठरल्या वारी जिल्हा रुग्णालयात येऊन रांगेत थांबायचं, ही अपेक्षाच चुकीची आहे. प्रमाणपत्र नसेल तर यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, नाही, कार्ड नसेल तर तुमच्या ५ टक्के निधीतूनही काही नाही. जे सगळ्यांत जास्त अडलेले, तेच यादीबाहेर.

दिव्यांग हक्क अधिनियम २०१६ च्या कलम २४ मध्ये, जास्त आधाराची गरज असलेल्यांसाठी देखभाल करणाऱ्याचा भत्ता, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. केरळने ‘आश्वासकिरणम’ योजनेत अंथरुणावरच्या माणसाला सांभाळणाऱ्याला महिन्याला ६०० रुपये ठरवले. रक्कम तुटपुंजी आहे आणि ती वेळेवर मिळत नसल्याच्या तक्रारी तिथेही आहेत. तरी सांभाळणाऱ्या व्यक्तीचं नाव तिथल्या सरकारी यादीत आलं. त्याच राज्याने २००८ मध्ये परिहार सेवेचं धोरण आणलं आणि पंचायतींच्या मदतीने घरी जाणाऱ्या परिचारिका नेमल्या. तिथल्या पंचायती जे करतात ते इथल्यांना जमणार नाही, असं आम्ही मानत नाही.

पाचवी तक्रार पैशाच्या वाटपाची. दिव्यांगांचा ५ टक्के निधी कित्येक ग्रामपंचायतींत मार्चअखेर किंवा दिवाळीला एकदाच, सगळ्यांना सारखे हजार-दोन हजार वाटून संपवला जातो. एका पायाने अधू पण दुकान चालवणारा गृहस्थ आणि मान सावरू न शकणारी मुलगी, दोघांना रक्कम तेवढीच. वाटप सोपं होतं, फोटोही निघतो. गरज मात्र तिथेच राहते. जिल्हा परिषदेच्या वैयक्तिक लाभाच्या योजनांत आधी स्वतःच्या पैशाने वस्तू घ्यायची, बिल जोडायचं आणि मग रक्कम खात्यात येते. घर सोडता न येणाऱ्या बाईकडे आधी भरायला पैसेच नसतात, त्यामुळे ती अर्ज करत नाही आणि तुमच्या अहवालात “मागणी नाही” असं जातं.

पैसे पुरतील का, असं तुम्ही विचाराल. उदाहरणाला एक गाव घेऊ. स्वतःचं उत्पन्न वीस लाख. १० टक्के म्हणजे दोन लाख, ५ टक्के म्हणजे एक लाख. अंथरुणावरची माणसं असलेली आठ घरं. प्रत्येकी महिन्याला हजार रुपयांचं साहित्य, म्हणजे डायपर, नळ्या, पट्ट्या, वर्षाचे ९६,००० झाले. ५ टक्क्यांतले चार हजार उरले. बचतगटातल्या दोघी-तिघींना आरोग्य केंद्रात शिकवून, प्रत्येक घरी महिन्यातून दोन दिवस पाठवलं आणि दिवसाला ४०० रुपये दिले, तर महिन्याचे ६,४०० आणि वर्षाचे ७६,८००. दोन लाखांतून हे वजा जाता १,२३,२०० रुपये मुलांच्या कागदांसाठी, जिल्ह्याला जाण्यायेण्याच्या गाडीसाठी आणि उरलेल्या योजनांसाठी राहतात. त्या दोन दिवसांत सांभाळणारी बाई बँकेत जाईल, स्वतःचे डोळे तपासून घेईल किंवा नुसती झोपेल. ते तिचं तिने ठरवावं. लहान ग्रामपंचायतीचं उत्पन्न दोन-तीन लाखच असतं, तिथे हे जमणार नाही हे आम्हाला कळतं. म्हणून तिथला भार जिल्हा परिषदेच्या सेसने उचलावा.

आमच्या मागण्या अशा:

येत्या १ मेच्या ग्रामसभेत, आणि तिच्या आधीच्या महिला सभेत, सांभाळणाऱ्यांच्या नोंदवहीचा ठराव घ्या. मूल किंवा रुग्ण, सांभाळणारी व्यक्ती, तिचं वय, चालू असलेला लाभ, अडलेला कागद, इतके रकाने पुरेत. वही आशा आणि अंगणवाडी सेविकेने मिळून भरावी आणि या कामाचा वेगळा मोबदला त्यांना द्यावा. आधीच त्यांच्या अंगावर कामं कमी नाहीत. ही वही फलकावर लावू नका, घरातली माहिती घरातच राहिली पाहिजे.

मृत्यूची नोंद करताना “घरात अठरा वर्षांखालची मुलं आहेत का” हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी (पूर्वीचे ग्रामसेवक) विचारावं, आणि असतील तर बालसंगोपनाचा अर्ज त्याच दिवशी सुरू करावा. बाहेरगावी झालेल्या मृत्यूची खबर आशाताईंनी द्यावी. तीस दिवसांत अर्ज पूर्ण होऊन जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे गेला पाहिजे.

कोणत्याही मुलाचा, निराधाराचा, दिव्यांगाचा दाखला घरपट्टीसाठी अडवू नका. तसं लेखी परिपत्रक मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी काढावं.

पंचायत समितीत महिन्यातला एक दिवस ठरवा. त्या दिवशी बाल संरक्षण कक्षाचा माणूस, तहसीलचा निराधार विभाग, आधारचं यंत्र आणि बँकेचा प्रतिनिधी एकाच छताखाली असावेत. बाल कल्याण समितीला तालुक्याला बैठक घेता यावी म्हणून जागा आणि वाहन द्या. ती समिती तुमच्या अखत्यारीत नाही हे खरं, पण जागा आणि वाहन द्यायला कुणाची आडकाठी नाही.

१० आणि ५ टक्क्यांतला ठरावीक भाग देखभालीचं साहित्य आणि बदली मदतनीस यांसाठी राखून ठेवा, आणि या घरांना आधी खरेदीची अट लावू नका. प्रत्येक उपकेंद्रात साहित्य पेढी करा: कमोड खुर्ची, व्हीलचेअर, वॉकर, एअर बेड. माणूस गेल्यावर या वस्तू अनेक घरांत माळ्यावर पडून असतात, मागितल्या तर लोक आनंदाने देतात. धुऊन, जंतुनाशकाने पुसून, पंप तपासून त्या पुढच्या घरी जाऊ शकतात.

उठू न शकणाऱ्यांच्या दिव्यांग तपासणीसाठी तालुका पातळीवर शिबिरं आणि गरजेप्रमाणे घरभेट, याची मागणी जिल्हा शल्यचिकित्सकांकडे जिल्हा परिषदेच्या ठरावाने करा.

आणि राज्य शासनाला ठराव पाठवा: कलम २४ प्रमाणे देखभाल भत्ता सुरू करावा, बालसंगोपनाचे पैसे दरमहा द्यावेत, नातेवाइकांकडे वाढलेल्या मुलांनाही एकविसाव्या वर्षापर्यंत पश्चात देखभाल द्यावी, आणि निराधार अनुदानाची वर्षाला २१,००० रुपयांची उत्पन्न मर्यादा वाढवावी. दिव्यांगांना ती ५०,००० आहे. २१,००० म्हणजे महिन्याला १,७५०. शेतमजुरीचे आठवड्यातून दोन दिवस मिळाले तरी बाई त्या मर्यादेबाहेर जाते.

यातलं काय मान्य आहे, काय नाही आणि का नाही, हे तुमच्या सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्तात आलं पाहिजे. आम्हाला वेगळं उत्तर नको. १ मेच्या ग्रामसभेला आम्ही अडलेल्या अर्जांच्या प्रती घेऊन येऊ आणि प्रत्येक अर्जासमोर कोणता कागद कुणाकडे किती दिवस पडून आहे ते वाचून दाखवू.

कळावे,

आपले,
बालसंगोपन, निराधार आणि दिव्यांगांचे अर्ज भरून देणारे, आणि घरचं माणूस सांभाळणारे गावकरी